कँटरबरीची आग आणि दगडी छताचं गणित

5 सप्टेंबर 1174. इंग्लंडमधल्या कँटरबरी शहरात दुपारी तिनाच्या सुमाराला दक्षिणेकडून सोसाट्याचा वारा सुटला होता. मठाच्या दरवाजाबाहेरच्या तीन लहान घरांना आग लागली. लोकांनी धावपळ करून ती विझवली आणि ते आपापल्या घरी गेले. पण तोवर ठिणग्या उडून चर्चच्या छपरावर पोचल्या होत्या. त्या छपरावर शिशाचे पत्रे होते, पत्र्यांखाली जुने, कुजत आलेले वासे आणि त्याखाली रंगवलेली लाकडी तक्तपोशी. ठिणग्या पत्र्यांच्या सांध्यांतून आत शिरल्या. वरून शिसं आणि खालून तक्तपोशी, दोहोंच्या मध्ये आग बराच वेळ कोणाला न दिसता धुमसत राहिली. शिसं वितळायला लागलं तेव्हा कुठे खालच्या माणसांना कळलं की चर्च जळतंय. जळक्या तुळया खाली संन्यासी प्रार्थनेला बसत त्या लाकडी आसनांवर कोसळल्या, आसनं पेटली आणि त्या ज्वाळांनी दोन्ही बाजूंचे दगडी खांब भाजून काढले.

हे सगळं इतक्या बारकाईनं माहीत आहे ते जर्व्हेस नावाच्या संन्याशामुळे. तो याच मठात राहायचा. आग कशी लागली, दुरुस्तीला कोण आलं, कुठल्या वर्षी किती खांब उभे राहिले, हे सगळं त्यानं लिहून ठेवलं. मध्ययुगीन चर्च कसं बांधलं जायचं याचं इतकं जवळून केलेलं वर्णन फार थोड्या ठिकाणी सापडतं. युरोपच्या सहलीत आपल्याला दिवसाला तीन चर्च दाखवतात, आणि चौथ्या दिवशी सगळी सारखीच दिसायला लागतात. नक्षी, पुतळे आणि रंगीत काचा बघण्याआधी दोन प्रश्न डोक्यात ठेवले तर तसं होत नाही. पहिला प्रश्न, या छताचं वजन कुठून कुठे जातंय? दुसरा, इथे कोणती माणसं कुठून कुठे चालत होती? बहुतेक उत्तरं या दोन प्रश्नांतून निघतात, आणि ती शोधायला कँटरबरी उत्तम जागा आहे.

आधी एक घोळ मिटवू. प्रत्येक मोठं चर्च कॅथीड्रल नसतं. जिथे बिशपची अधिकृत गादी असते ते कॅथीड्रल, मग इमारत लहान का असेना. मठ ही वेगळी संस्था. तिथे नियमानं बांधलेले संन्यासी एकत्र राहतात, त्यांचा मठाधिपती वेगळा, जमीनजुमला वेगळा. कँटरबरीत मात्र दोन्ही एकाच जागी होतं. आर्चबिशपची गादीही तिथे आणि बेनेडिक्टाइन, म्हणजे संत बेनेडिक्टची नियमावली पाळणाऱ्या संन्याशांचा मठही तिथेच. इंग्लंडात अशी बरीच ठिकाणं होती, डरहॅम त्यातलंच. युरोपच्या मुख्य भूमीवर हा प्रकार फार कमी.

तर, आगीनंतर मठानं इंग्लंड आणि फ्रान्समधून मिस्त्री बोलावले. प्रत्येकाचं मत वेगळं. काही म्हणाले, भाजलेले खांब डागडुजी करून चालतील. काही म्हणाले, जीव प्यारा असेल तर सगळं उतरवा. शेवटी फ्रान्समधल्या सान्स गावच्या विल्यमला काम मिळालं. जर्व्हेस सांगतो की विल्यमनं खूप दिवस भिंती वरून-खालून, आतून-बाहेरून तपासल्या, पण सगळं पाडावं लागेल हे एकदम बोलून दाखवलं नाही. दुःखानं खचलेल्या संन्याशांना धक्का बसू नये म्हणून गप्प राहून त्यानं दुरुस्तीची तयारी चालू ठेवली आणि ते जरा सावरल्यावर हळूहळू खरं सांगितलं. घराचं काम काढलेल्या कोणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल. ठेकेदारानं खर्चाचा खरा आकडा टप्प्याटप्प्यानं सांगण्याची परंपरा निदान साडेआठशे वर्षं जुनी आहे.

नवीन बांधकामात विल्यमला लाकडी तक्तपोशी नको होती, दगडी छत हवं होतं. आगीचा बंदोबस्त हे त्याचं उघड कारण. दगडी छतावरही पावसासाठी लाकडी छप्पर असतंच, पण ते पेटलं तरी खालचा दगडी पडदा आग आणि जळकी लाकडं बऱ्याच अंशी अडवतो. 15 एप्रिल 2019 ला पॅरिसच्या नोत्र दामचं ओकच्या लाकडाचं अख्खं छप्पर जळालं, ते जगानं टीव्हीवर पाहिलं. मनोरा कोसळला त्या जागी आणि आणखी थोड्या ठिकाणी छताला भोकं पडली. बाकीचं जेमतेम वीतभर जाडीचं दगडी छत टिकलं, म्हणून आतलं बरंचसं वाचलं. डिसेंबर 2024 मध्ये ते चर्च पुन्हा उघडलं. दुसरं कारण आवाजाचं. दिवसातून आठ वेळा सामूहिक गायन करणाऱ्या माणसांना दगडी छताखाली आवाज कसा घुमतो आणि लांबतो हे नक्कीच जाणवलं असणार.

पण दगडाचं छत घालणं सोपं नाही. लाकडी तुळई भिंतीवर नुसती टेकते, तिचं वजन सरळ खाली जातं. दगडाची तशी लांब तुळई टाकली तर ती मधोमध तडकते, कारण दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. म्हणून कमान. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला दाबून धरतो, कोणावरच ताण येत नाही. याची किंमत मात्र पायथ्याशी मोजावी लागते. कमान खाली तर दाबतेच, शिवाय तिची बाहेर सरकण्याचीही धडपड चालू असते. आपले गवंडी म्हणतात तसं भिंत पोटावर येते, आणि एकदा आली की कमान वरून उघडते आणि दगड सुटायला लागतात.

अकराव्या शतकातल्या बांधकाम करणाऱ्यांनी यावर केलेला पहिला उपाय साधा होता. भिंत इतकी जाड करा की तिला ढकलणं शक्यच होणार नाही. सलग बोगद्यासारखं अर्धगोल छत, खाली प्रचंड जाड भिंती आणि त्यांत लहान-लहान खिडक्या. या शैलीला रोमनेस्क म्हणतात. अशा चर्चमध्ये गेलं की बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो. तो अंधार मुद्दाम केलेला असतो असं गाइड सांगतात, पण बऱ्याच ठिकाणी त्यामागे छताची रेटारेटी आहे. भिंतीत मोठं भोक पाडायची कोणाची हिंमत नव्हती.

मग हळूहळू तीन गोष्टी घडल्या. दोन बोगदे एकमेकांना काटकोनात छेदले तर सगळा भार चार कोपऱ्यांत गोळा होतो आणि मधल्या भिंतीवरचं ओझं कमी होतं, हे ध्यानात आलं. त्या छेदण्याच्या रेषांवर आधी दगडी फासळ्या बांधायच्या आणि मधल्या जागा पातळ दगडांनी भरायच्या, ही दुसरी गोष्ट. 1093 मध्ये सुरू झालेल्या डरहॅमच्या चर्चमध्ये अशी फासळ्यांची छतं फार लवकर दिसतात. तिसरी गोष्ट म्हणजे टोकदार कमान. ती युरोपनं शोधलेली नव्हे. कैरोच्या इब्न तुलून मशिदीत ती नवव्या शतकातच आहे. अर्धगोल कमानीची अडचण अशी की तिची उंची रुंदीच्या निम्मी, ना कमी ना जास्त. खण, म्हणजे चार खांबांमधला छताचा तुकडा, चौरस असेल तर ठीक, पण आयताकृती असेल तर आडव्या, उभ्या आणि तिरक्या कमानी वेगवेगळ्या उंचीला पोचतात आणि माथा जुळता जुळत नाही. टोकदार कमान हवी तेवढी उंच किंवा बसकी करता येते, त्यामुळे सगळे माथे एका पातळीत येतात. शिवाय तेवढ्याच रुंदीची उंच टोकदार कमान बाहेर कमी ढकलते.

या तिन्ही गोष्टी आधी सुट्या-सुट्या होत्याच. त्या एकत्र करून मोकळी, उजळ जागा उभी केली ती पॅरिसजवळच्या सँ-दनी मठात. तिथला मठाधिपती सुजे हा राजाचा सल्लागार, व्यवहारचतुर आणि स्वतःच्या कामगिरीबद्दल अजिबात संकोच न बाळगणारा माणूस. त्यानं बांधलेला पूर्वेकडचा भाग 11 जून 1144 ला राजा सातवा लुई याच्या उपस्थितीत अर्पण झाला. सुजेनं त्यावर पुस्तिका लिहिली आणि इमारतीवर स्वतःचं नाव अनेक ठिकाणी कोरून घेतलं. त्या पुस्तिकेत एका वादळाची गोष्ट आहे. वरच्या मुख्य कमानी एकट्याच, काही आधाराशिवाय उभ्या होत्या, मधले पडदे भरायचे बाकी होते. शार्त्र गावचे बिशप खाली मिस्सा, म्हणजे वेदीवरची मुख्य उपासना, करत असताना वादळ आलं आणि कमानी डोलायला लागल्या. बिशप पुन्हा पुन्हा त्या दिशेनं हात उंचावून आशीर्वाद देत राहिले. आजूबाजूला भक्कम इमारतींचं नुकसान झालं पण कमानी पडल्या नाहीत. सुजेच्या दृष्टीनं हा चमत्कार होता. माझ्या मते यातली खरी मौल्यवान गोष्ट वेगळी आहे. फासळ्या आधी आणि भराव मागाहून, हा कामाचा क्रम त्या काळच्या माणसानं डोळ्यांनी पाहून लिहिला.

कँटरबरीला येणारा विल्यम याच फ्रेंच घराण्यातला कारागीर. त्यानं चुनखडीचा दगड समुद्रापलीकडून, नॉर्मंडीतल्या काँ इथून आणवला. जहाजांवर दगड चढवायला-उतरवायला यंत्रं बनवली. आणि पाथरवटांना दगड कसा घडवायचा त्याचे साचे दिले. कमानीच्या फासळीतल्या प्रत्येक दगडाची आडवी कापणी सारखी हवी, तरच नक्षीची रेघ सलग जाते. ती जबाबदारी पाथरवटाच्या नजरेवर न सोडता साच्यावर सोपवली की वीस माणसं एकाच वेळी घडवू शकतात.

फासळी हवेत बांधता येत नाही. खाली लाकडी सेंट्रिंग लागतं. सेंट्रिंगवर दोन्ही पायांकडून दगड रचत यायचं, माथ्यावर कळीचा दगड बसवायचा आणि चुना धरेपर्यंत थांबायचं. चुना सिमेंटसारखा दोन दिवसांत धरत नाही, आणि थंडीत तर काम बंदच. म्हणून वर्षाला चार-सहा खांब आणि त्यांवरच्या कमानी हाच वेग. 1178 मध्ये मुख्य वेदीवरच्या छताची तयारी चालली असताना विल्यमच्या पायाखालची लाकडं मोडली आणि तो सुमारे पन्नास फुटांवरून दगड-लाकडांसकट खाली आला. वाचला, पण उठण्यासारखा राहिला नाही. काही दिवस त्यानं बिछान्यातून सूचना दिल्या. गवंड्यांवर देखरेखीला एका हुशार तरुण संन्याशाला नेमलं, तर बाकीच्यांना त्याचा मत्सर वाटू लागला, असंही जर्व्हेस नोंदवतो. अखेर विल्यम फ्रान्सला परत गेला आणि काम दुसऱ्या विल्यमकडे आलं, तो इंग्रज. अंगानं लहान पण अनेक कसबांत तरबेज, असं त्याचं वर्णन आहे. 1184 पर्यंत त्यानं पूर्वेचं टोक उभं केलं.

जुन्या आणि नव्या चर्चची तुलना जर्व्हेसनं केली आहे ती वाचण्यासारखी आहे. आधीचं कोरीवकाम कुऱ्हाडीनं केलेलं, आताचं छिन्नीनं. आधी वर रंगवलेलं लाकूड, आता दगड आणि हलका, सच्छिद्र टफा. छताच्या पडद्याला मुद्दाम हलका दगड वापरला, म्हणजे रेटा कमी. हा माणूस धर्मग्रंथ वाचणारा संन्यासी, पण साइटवर उभं राहून त्यानं सगळं नीट विचारून घेतलेलं दिसतं.

आता दुसरा प्रश्न, माणसं कुठून कुठे चालत होती. कँटरबरीचं पूर्वेचं टोक इतकं लांबलं आणि उंचावलं त्याला आगीबरोबर एक खूनही कारणीभूत आहे. 29 डिसेंबर 1170 ला आर्चबिशप थॉमस बेकेट यांना राजा दुसरा हेन्री याच्या चार सरदारांनी याच चर्चमध्ये ठार मारलं. 1173 मध्ये पोपनं त्यांना संत घोषित केलं आणि यात्रेकरूंचा लोंढा सुरू झाला. यात्रेकरू म्हणजे देणग्या. पण चर्च मठाचंही, संन्याशांना दिवसरात्र निवांत प्रार्थना करायची आणि लोकांना समाधीपर्यंत जायचं. दोघांना एकाच दालनात कोंबलं तर काय होतं ते सुजेनं लिहून ठेवलं आहे. सँ-दनीच्या जुन्या चर्चमध्ये सणाच्या दिवशी इतकी चेंगराचेंगरी व्हायची की बायका पुरुषांच्या डोक्यांवरून फरसबंदीवरून चालाव्या तशा वेदीकडे जायच्या, आणि पवित्र अवशेष दाखवणाऱ्या संन्याशांना ते घेऊन खिडकीतून पळ काढावा लागायचा.

यावरचा उपाय म्हणजे प्रदक्षिणामार्ग. मुख्य वेदीच्या मागून अर्धगोल वाट काढायची, तिच्या बाहेरच्या कडेला छोटी देवघरं, प्रत्येकात एक वेदी. यात्रेकरू एका बाजूनं शिरतात, मागून वळसा घालून दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतात, आणि मधल्या भागातली संन्याशांची प्रार्थना चालू राहते. कँटरबरीत बेकेटचे अवशेष 1220 मध्ये वरच्या चौथऱ्यावरच्या ट्रिनिटी चॅपेलमध्ये नेले. तिथे चढून जाणाऱ्या पायऱ्या शतकानुशतकांच्या पायांनी आणि गुडघ्यांनी मधोमध खोल झिजल्या आहेत. आजूबाजूच्या रंगीत काचांत बेकेटच्या कृपेनं बऱ्या झालेल्यांच्या गोष्टी आहेत. यात्रेकरू ज्या वाटेनं चालतो त्याच वाटेवर, त्याच्या डोळ्यांना दिसतील अशा बेतानं त्या लावल्या आहेत.

चर्चच्या बाजूला मठ. तिथे पाऊल टाकलं की इमारतीचं तर्कशास्त्र बदलतं, कारण तिथे वजनापेक्षा वेळापत्रक महत्त्वाचं. सहाव्या शतकात इटलीत माँते कासिनोच्या बेनेडिक्टनं 73 प्रकरणांची नियमावली लिहिली आणि पश्चिम युरोपातले बहुतेक मठ तिच्यावर चालले. नियम कडक आहेत, पण लिहिणारा माणसं ओळखून आहे. कपड्यांनिशी झोपायचं, म्हणजे घंटा झाली की लगेच उठता येईल. झोपाळूंना सबबी सांगायला वाव नको म्हणून उठताना एकमेकांना हळुवार हाक द्यायची. रात्रीच्या प्रार्थनेतलं एक स्तोत्र मुद्दाम सावकाश म्हणायचं, उशिरा येणाऱ्यांना पोचायला सवड मिळावी म्हणून. त्यानंतर आला तर शिक्षा. हिवाळ्यात ही रात्रीची प्रार्थना साधारण दोनच्या आसपास सुरू व्हायची. म्हणून अनेक मठांत शयनगृह वरच्या मजल्यावर चर्चच्या दक्षिण बाजूला चिकटून असतं आणि त्यातून जिना थेट चर्चमध्ये उतरतो. रात्रीचा जिना असंच त्याचं नाव आहे. गोठवणाऱ्या थंडीत अर्धवट झोपेतल्या माणसाला उघड्यावरून चालायला लागू नये, एवढाच त्याचा हेतू.

मठाचा मध्य म्हणजे क्लॉइस्टर, आपल्या वाड्यातल्या चौसोपी चौकासारखा, मध्ये मोकळं आणि चारी बाजूंनी छप्पर असलेली ओवरी. थंड प्रदेशात तो चर्चच्या दक्षिणेला ठेवायचा, म्हणजे चर्चच्या उंच भिंतीची सावली चौकात पडत नाही आणि उत्तरेचा वाराही अडतो. पूर्व बाजूला सभागृह, जिथे रोज सकाळी नियमावलीतलं एक प्रकरण वाचायचे आणि चुका कबूल करायचे, त्याच्यावर शयनगृह. चर्चच्या समोरच्या बाजूला भोजनगृह, जिथे जेवताना बोलायचं नाही, एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. पश्चिमेला कोठारं, कारण बाहेरचा माल तिकडून येणार. एकदा ही मांडणी कळली की आयर्लंडपासून पोलंडपर्यंतच्या पडक्या मठात नकाशा न बघता फिरता येतं. कँटरबरीत हाच चौक उत्तरेला आहे; नियम होता, पण जागेपुढे कोणाचं चालत नाही.

ही मांडणी किती जुनी आहे हे स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालनच्या ग्रंथालयातल्या एका नकाशावरून दिसतं. चर्मपत्राचे पाच तुकडे शिवून, 830 च्या आगेमागे काढलेला. त्यात चर्च आणि चौक तर आहेतच, शिवाय बेकरी, बिअर गाळायची जागा, रुग्णालय, नसेतून रक्त काढण्याची खोली, औषधी वनस्पतींचे वाफे, कोंबड्यांचं आणि हंसांचं खुराडं, आणि फळबाग जिच्यात झाडांच्या मधून थडगी आहेत. बेनेडिक्टचा नियमच होता की पाणी, गिरणी, बाग सगळं आवारात असावं, म्हणजे संन्याशांना बाहेर हिंडावं लागणार नाही. बाराव्या शतकात कोणीतरी त्या चर्मपत्राच्या मागच्या बाजूला एका संताचं चरित्र लिहिलं आणि घडी घालून पुस्तकासारखं ठेवून दिलं. नकाशा टिकला तो त्यामुळे.

कँटरबरीचाही असा एक नकाशा आहे, साधारण 1160 चा, पण तो पाण्याच्या नळांचा. शहराबाहेरच्या झऱ्यांपासून शिशाच्या नळांतून पाणी आणलं, वाटेत गाळ बसायला टाक्या ठेवल्या, मग हात धुण्याच्या जागा, स्वयंपाकघर, मासे ठेवायचा तलाव, आणि शेवटी वापरलेलं पाणी शौचकूपाच्या लांबलचक दालनाखालून सोडलं, म्हणजे घाण आपोआप वाहून जाईल. संन्याशांच्या पारलौकिक चिंतनाबद्दल पुष्कळ लिहिलं जातं; मला त्यांची सांडपाण्याची व्यवस्था जास्त थक्क करते.

वेळापत्रक चालायचं ते घंटेवर. घंटेचं हे महत्त्व पोर्तुगीजांनी आपल्याकडेही आणलं, आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी उतरवून आणल्या. भीमाशंकर, मेणवली आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिरात अशा पोर्तुगीज घंटा आजही बघायला मिळतात.

हे सगळं उभं राहायला पैसा लागायचा. तो कसा यायचा, आणि त्यावरून कशी भांडणं झाली, हे फ्रान्समधल्या क्लुनीत दिसतं. 910 च्या सुमाराला स्थापन झालेला हा मठ स्थानिक सरदार आणि बिशप यांच्या ताब्याबाहेर, थेट पोपच्या छत्राखाली होता. त्याची खास सेवा म्हणजे मेलेल्यांसाठी प्रार्थना. श्रीमंतांनी जमीन द्यायची, मठानं त्यांच्या आत्म्यासाठी कायम प्रार्थना करायची. स्पेनचे राजे तर दरवर्षी सोन्याची नाणी पाठवत. सहावा अल्फान्सो 2,000 नाणी द्यायचा. ही नाणी यायची स्पेनमधल्या मुसलमान राज्यांनी त्याला दिलेल्या खंडणीतून. म्हणजे 1088 मध्ये सुरू झालेलं, ख्रिस्ती जगातलं तेव्हाचं सर्वांत मोठं चर्च काही अंशी मुसलमान राजांच्या सोन्यावर उभं राहिलं. पुढच्या मंडपासकट त्याची लांबी सुमारे 187 मीटर, छत 30 मीटर उंच. 1125 मध्ये छताचा काही भाग कोसळला, तो पुन्हा बांधला. पुढे सोन्याचा ओघ आटला आणि मठ कर्जात बुडाला.

त्याच 1125 च्या सुमाराला क्लेअरव्होचा मठाधिपती बर्नार्ड यानं या थाटामाटावर कोरडे ओढले. चौकातल्या खांबांवर माकडं, सिंह, अर्धी माणसं-अर्धी जनावरं कशाला कोरलीत? संन्याशानं ग्रंथ वाचायचा की दगड? आणि चर्चच्या भिंती झगमगतात, दारातले गरीब उपाशी, हे कसं? बर्नार्ड 1098 मध्ये सुरू झालेल्या सिस्टर्शियन पंथाचा. त्यांनी मनोरे, रंगीत काचा, पुतळे सगळं वर्ज्य केलं. बर्गंडीतल्या फोंतनेचं चर्च, 1147 मध्ये अर्पण झालेलं, या विचाराचा उत्तम नमुना आहे. आत काहीच नाही, फक्त दगड आणि उजेड. पण नीट पाहिलं तर बांधणाराची हुशारी दिसते. मुख्य छत टोकदार बोगद्यासारखं आहे, आणि बाजूच्या प्रत्येक खणावर आडवा छोटा बोगदा. मोठं छत बाहेर ढकलतं, आणि हे आडवे बोगदे त्याला दोन्हीकडून टेकू देतात. सजावट नाकारल्यावर रचनाच सुंदर करावी लागली, असं मला वाटतं.

साधेपणाचा शेवट मात्र श्रीमंतीत झाला. थडग्यांवरच्या देणग्या आणि भाडी नकोत म्हणून सिस्टर्शियन ओसाड दऱ्यांत गेले, आणि तिथे शेती, मेंढ्या, लोखंड यांत इतके तरबेज झाले की इंग्लंडच्या लोकरीत त्यांचं मोठं नाव झालं. फोंतनेत चर्चपासून थोड्या अंतरावर त्यांची पाण्यावर चालणारी लोहारशाळा अजून उभी आहे. कष्टाचं काम बरंचसं सेवक-बंधू करायचे. त्यांनी व्रत घेतलेलं, पण बहुतेक निरक्षर, चर्चमध्ये जागा वेगळी, जेवण-झोप वेगळी. यॉर्कशायरच्या फाउंटन्स मठातलं त्यांच्या विभागाचं तळघरासारखं दालन सुमारे 90 मीटर लांब आहे. साधेपणाच्या घोषणेनं सुरू झालेल्या पंथात ही दरी दगडात बांधलेली दिसते.

शहरांत तोवर वेगळीच शर्यत लागली होती. भिंतीबाहेर उभ्या खांबांवरून अर्धी कमान टाकून छताचा रेटा हवेतूनच बाहेर न्यायचा, म्हणजे फ्लाइंग बट्रेस, ही युक्ती बाराव्या शतकाच्या अखेरीला पॅरिसच्या आसपास रुळली. भिंतीला आता छत पेलायचं काम उरलं नाही, तिथे काच बसली. 1194 च्या आगीनंतर शार्त्रच्या चर्चचं छत 37 मीटरवर गेलं. फ्रान्समधल्याच बोव्हेच्या चर्चनं 48 मीटर गाठले, आणि पूर्ण झाल्यावर बाराच वर्षांत, 1284 मध्ये, त्यातला बराच भाग कोसळला. मधे जादा खांब घालून तो परत उभा केला. मग 1569 मध्ये त्याच चर्चवर 153 मीटर उंच मनोरा चढवला, तो चार वर्षांत पडला. पुढचा मंडप बांधायला पैसेच उरले नाहीत. बोव्हेचं चर्च आजही अर्धंच आहे.

मठ मोडले ते बहुतेक राजकारणानं. आठव्या हेन्रीनं 1536 ते 1540 मध्ये इंग्लंडचे मठ बंद केले. कँटरबरीतलं बेकेटचं समाधिस्थान 1538 मध्ये उद्ध्वस्त झालं. अशा ठिकाणी पहिल्यांदा उतरवलं जायचं ते छपराचं शिसं, कारण त्याला लगेच भाव मिळायचा. शिसं गेलं की पाणी मुरतं, लाकूड कुजतं, मग दगडी छतही जातं. इंग्लंडमधल्या चित्रासारख्या पडक्या मठांमागे बऱ्याचदा ही भंगारविक्री आहे. क्लुनीचं चर्च फ्रेंच राज्यक्रांतीनंतर विकलं गेलं आणि खाणीसारखं वापरलं गेलं. आज क्रूसासारख्या आराखड्यातल्या एका आडव्या भुजेचा भाग आणि एक मनोरा एवढंच शिल्लक आहे. फोंतने वाचलं, कारण तिथे कागदाचा कारखाना आला.

गोव्यातली चर्च मध्ययुगीन आहेत असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं, पण ती त्या काळानंतरची. बॉम जिझस 1605 चं, आणि त्याची घडण बरोक. जुन्या गोव्यात मध्ययुगीन फासळ्यांच्या छताची शेपटी बघायची असेल तर गर्दी सोडून टेकडीवरच्या रोझरी चर्चमध्ये जावं. सोळाव्या शतकाच्या मध्यावरचं, मॅन्युएलाइन म्हणवल्या जाणाऱ्या पोर्तुगीज शैलीतलं हे चर्च आहे, आणि तिथे वेदीच्या बाजूला फासळ्या एकमेकींना छेदताना दिसतात. मुंबईत सीएसएमटी, हायकोर्ट, राजाबाई टॉवर इथल्या टोकदार कमानी एकोणिसाव्या शतकातल्या. तेव्हा इंग्रजांना मध्ययुगाचं नव्यानं वेड लागलं होतं आणि तेच त्यांनी मालाडच्या आणि कुर्ल्याच्या दगडात इथे उतरवलं. त्यातल्या अनेक इमारतींत लोखंडाचे खांब आणि तुळयाही आहेत, त्यामुळे कुठली कमान खरंच भार पेलते आणि कुठली नुसती शोभेची, हे शोधत फिरायला मुंबईचा फोर्ट भाग चांगला आहे. लोकल चुकली असेल तर सुरुवात सीएसएमटीच्या तिकीटघरापासून करता येते.